आधी आपली पंगत
मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू आणि पंच यांना खुले पत्र

ख्रिस्तात प्रिय वडीलधाऱ्यांनो,



गेल्या काही वर्षांत आपल्या व्यासपीठांवरून एक हाक वारंवार ऐकू येते: विश्वासासाठी उभे राहा. ही हाक रास्त आहे आणि वेळेवर दिलेली आहे. घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेकडे संशयाने पाहिले जाते, कुणी दारात येऊन जाब विचारतो, कधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. तांदळाच्या पिशवीसाठी बाटलेल्यांची अवलाद, असा टोमणा कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना मोबाइलवर वाचावा लागतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, हे त्यांना ठाऊक असते. पण हक्क सांगितला की प्रश्न मिटत नाही. 'तू ख्रिस्ती का आहेस?' हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते.

या हाकेबरोबर दुसरीही एक हाक आपण ऐकत आलो आहोत: पापाशी झगडा. ती बहुधा उपवासकाळात किंवा संजीवन सभांत ऐकू येते, आणि तिचा रोख दारू, तंबाखू, सिनेमा, तरुणांचे वागणे यांवर असतो. म्हणजे विश्वासाचे समर्थन करायचे ते बाहेरच्यांपुढे, आणि पापाचा प्रतिकार करायचा तो ज्याने त्याने आपल्या घरी, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी शास्त्राला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकच आहेत. ज्या पापाला मंडळीने आपल्यात जागा दिली, त्याच ठिकाणी तिचे समर्थन कोसळते. आणि मराठी मंडळीत असे एक पाप उघडपणे नांदते आहे. त्याचे नाव जात.

आपल्या आशेविषयी कुणी विचारले तर उत्तर द्यायला सदैव तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या, अशी आज्ञा पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. विश्वासाच्या समर्थनावर बोलणारा प्रत्येक उपदेशक या वचनापासून सुरुवात करतो. पण ज्या पेत्राच्या नावे ही आज्ञा आपल्याला मिळाली, त्याच्यावर काय प्रसंग गुदरला होता हे आपण पुरेसे सांगत नाही. प्रमुख याजकाच्या वाड्यात त्याने येशूला नाकारले, ती गोष्ट लहान मुलांनाही पाठ असते. अंत्युखियातली गोष्ट मात्र क्वचितच व्यासपीठावर येते.

यापो येथे छपरावर प्रार्थना करताना पेत्राला दर्शन झाले. देवाने शुद्ध ठरवलेल्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, हे त्याला तिथे शिकवले गेले. तिथून तो कैसरियाला कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला आणि देव पक्षपाती नाही, अशी त्याने तिथे साक्ष दिली. सिद्धांत त्याला स्वच्छ कळला होता. पुढे अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवतही होता. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू त्या पंगतीतून उठला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी विश्वासणारे उठले आणि बर्णबासारखा माणूसही त्यांच्याबरोबर वाहवत गेला. येशू प्रभू नाही, असे कुणीही म्हटले नव्हते. मतांगीकारातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलली होती फक्त जेवायला बसण्याची जागा.

पौलाने काय केले ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याने पेत्राला बाजूला घेऊन समजावले नाही. सर्वांच्या देखत, तोंडावर विरोध केला. तो या वागण्याला चालीरीतीचा किरकोळ प्रश्न मानत नाही, सुवार्तेच्या सत्याला सोडून चालणे म्हणतो. आणि विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत, ज्यावर पुढे मार्टिन ल्यूथरने सारी सुधारणा उभी केली, तो पौल त्या पत्रात याच प्रसंगाला लागून मांडतो. आपल्या विश्वासाचे एक सर्वांत मोठे समर्थन पंक्तिभेदाच्या विरोधात लिहिले गेले आहे. हे मराठी माणसाला कळले नाही, तर जगात दुसऱ्या कुणालाच कळणार नाही, कारण पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी प्रश्नांची भीती बाळगली नाही. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला आणि दोन्ही बाजूंनी पुस्तके छापली गेली. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी सभा घेत, तेव्हा जॉर्ज बोवेन आणि इतर मिशनरी तिथे जाऊन प्रश्नोत्तरे करत. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी तर आधी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, ज्याचे खंडन केले तेच अधिक खोल वाचत गेले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहेम्या गोरे या नावाने त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा केली ती त्या दर्शनांत मुरलेल्या पंडिताच्या अधिकाराने. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःखाला कादंबरीचे रूप दिले. या माणसांचे सगळेच युक्तिवाद आज आपल्याला पटतील असे नाही. त्यांच्या काही लेखनात समोरच्या धर्माविषयी पुरेसा आदर नाही, हेही खरे. पण ते वाचत होते, समोरच्याची भाषा जाणत होते, आणि उत्तर द्यायला भर सभेत उभे राहत होते.

पंडिता रमाबाईंनी तर दोन्ही बाजूंना तोंड दिले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर इथल्या समाजाने त्यांच्यावर आग पाखडली, आणि तिथल्या धर्मभगिनींना त्यांचे प्रश्न उद्धटपणाचे वाटले. त्रैक्याविषयी त्या शंका विचारत, अथानासियसच्या मतांगीकाराविषयी वाद घालत, गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, असेही विचारत. आपली विवेकबुद्धी कुणा धर्माधिकाऱ्याच्या हवाली करायला त्यांनी नकार दिला. तीच बाई १८९६ नंतरच्या दुष्काळांत रस्त्यावर आलेल्या मुलींना गोळा करून केडगावला घेऊन आली. मुक्ती मिशनमध्ये नाना जातींच्या त्या मुली एका छपराखाली राहिल्या, शिकल्या, हाताला काम शिकल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणण्याचे कामही त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. विश्वास का, या प्रश्नाचे रमाबाईंचे उत्तर ग्रंथातही होते आणि केडगावच्या ताटावरही होते.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचे काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचे जग मोडले. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. ते कसे सुटत गेले, जात माणसाने केली की देवाने हा प्रश्न त्यांनी स्वतःला कसा विचारला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जात आधी मनातून गेली, मग पाण्याच्या भांड्यावरून गेली, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी क्रम बरोबर धरला होता. आपण आज तो उलटा करून बसलो आहोत: बाप्तिस्मा तीन-चार पिढ्यांपूर्वीच झाला, जात अजून जायची आहे.

मी कशाविषयी बोलतो आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. लग्नाच्या बायोडेटात 'पूर्वाश्रमीची जात' कधी लिहिली जाते, कधी फोनवर हळूच विचारली जाते. एकाच गावात एकाच पंथाच्या दोन मंडळ्या का आहेत, याचे खरे कारण वार्षिक अहवालात कधी येत नाही. पंचांच्या निवडणुकीत पॅनेल कसे बनते, कुणाच्या मुलाला मिशनच्या शाळेत नोकरी लागते, कुणाला सेमिनरीला पाठवले जाते, हे वाड्यावस्त्यांवरच्या म्हातारीलाही कळते. पूर्वी महार असलेले आणि पूर्वी मांग असलेले एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि सोयरिकीचा विषय निघाला की गप्प होतात. वसईत ज्ञातींच्या सीमा आहेत, गोव्यात बामण, चार्दे आणि शूद्र हे भेद चर्चच्या सावलीतच शतकानुशतके टिकले. एकाही पंथाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही.

हा प्रश्न आपल्याला आपल्या घरचाच कुणी विचारतो आहे, असेही नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ते आपल्या लोकांसाठी धर्म शोधत होते आणि ख्रिस्ताविषयी त्यांच्या मनात आदर होता. त्या आदराबरोबरच त्यांनी चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवर बोट ठेवले आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही, हेही सुनावले. पुढे त्यांच्या लेखनातही हा प्रश्न आला: अस्पृश्य ख्रिस्ती झाला म्हणून त्याच्या स्थितीत काय बदलले? १९५६ मध्ये ते आपल्या लाखो अनुयायांसह बुद्धाकडे गेले. त्यांच्या निर्णयामागे अनेक कारणे होती आणि त्यांचे श्रेय-अपश्रेय आपण स्वतःकडे ओढू नये. पण त्या काळच्या सर्वांत तीक्ष्ण प्रश्नकर्त्याने आपल्या आशेविषयी आपल्याला विचारले, आणि तर्काच्या पुस्तकांनी भरलेली आपली कपाटे त्याला उत्तर देऊ शकली नाहीत. उत्तर पंगतीत हवे होते.

आता आपल्याकडून येणारे आक्षेप. ते मी गंभीरपणे घेतो.

पहिला आक्षेप: हे चारचौघांत बोलू नये, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. पण पवित्र शास्त्र स्वतःच हा सल्ला मानत नाही. दाविदाचा व्यभिचार, पेत्राचे नाकारणे, करिंथच्या मंडळीतले तंटे, सारे उघड लिहिले आहे. अंत्युखियाचा प्रसंग तर अनेक मंडळ्यांत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात पौलाने घातला. इफिसकरांस सांगितलेल्या शस्त्रसामग्रीत कमरेला बांधायची पहिली गोष्ट सत्य आहे. आपला दोष आपण सांगितला तर विरोधकाचे निम्मे काम संपते. तो त्याने शोधून काढला, तर आपले उरलेले खरे बोलणेही कुणी ऐकत नाही.

दुसरा आक्षेप: जात ही सामाजिक रीत आहे, तिला पाप म्हणणे अतिरेक आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. सभेत श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देण्याला तिथे स्पष्टपणे पाप म्हटले आहे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा पुष्कळ कुटुंबे चर्च सोडून गेली. संख्या घटली तरी चालेल, पण प्रभूच्या मेजावर भेद चालणार नाही, अशी ती भूमिका होती. हजेरीपट, वर्गणी आणि पंचायतीतली मते मोजताना आपल्याला तेवढे धैर्य होईल का?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो करणाऱ्याविषयी माझ्या मनात केवळ सहानुभूती आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी ओढाताण चालते. ज्याच्या आजोबाला गावाने विहिरीवर चढू दिले नाही, त्याच्या नातवाला केवळ उपासनेच्या पद्धतीवरून हक्क नाकारणे हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने लढणे हेही विश्वासाचेच काम आहे. पण सरकारी दाखल्यावरचा जातीचा रकाना झालेल्या अन्यायाची नोंद म्हणून असतो. लग्न ठरवताना विचारलेली जात तो अन्याय पुढे चालवण्यासाठी असते. या दोन गोष्टींची गल्लत करून दुसरीला पहिलीच्या आड लपवू नका. आणि दोन नावांनी जगणाऱ्या त्या घरावर व्यासपीठावरून कोरडे ओढण्याआधी, त्याच्या मुलाच्या फीसाठी मंडळीच्या पेटीतून काय निघाले, तेही तपासा.

समर्थन आणि प्रतिकार वेगळे झाले की काय होते, याचा धडा आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. विश्वासाच्या शुद्धतेसाठी त्याने माणसांना तुरुंगात घातले, त्यांची भाषा, जेवण, सणवार यांवर पहारा ठेवला. तिथे विश्वासाचे रक्षण जोरात होते, आणि क्रौर्याच्या पापाला कुणी पाप म्हणत नव्हते. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापून ख्रिस्ताची कथा इथल्या माणसाच्या कानाला गोड करून सांगितली होती. आज चारशे वर्षांनंतर इन्क्विझिशनचे नाव निघाले की आपली मान खाली जाते, आणि स्टीफन्स यांचे नाव मराठीचा अभ्यासक आदराने घेतो. सौम्यता आणि आदर हे उत्तरावर शिंपडायचे अत्तर नाही, उत्तराचा तो गाभा आहे.

आणि आपल्याच काळातली माणसे पाहा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी त्या आणखी काही वर्षे तिथेच राहिल्या. द्वेष करण्याचे पाप त्यांनी नाकारले, आणि त्यांच्या विश्वासाला त्याहून मोठे समर्थन लागले नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या बलाढ्यांशी धमक्या सोसून झुंज दिली, 'सुबोध बायबल' लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तेव्हाही त्यांची वाणी कडवट झाली नाही. ख्रिस्ती माणूस मराठी समाजाचा कोण लागतो, याचे उत्तर त्यांच्या साऱ्या आयुष्याने दिले होते.

म्हणून, पाळकहो आणि पंचहो, माझ्या आपल्याकडे मागण्या आहेत आणि त्या साध्या आहेत.

येत्या उपवासकाळात गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर प्रत्येक मंडळीत उपदेश व्हावा, आणि त्यात आपल्या गावातल्या पंगतीचे नाव घेतले जावे. लग्नापूर्वीच्या समुपदेशनात वधूवरांच्या आईवडिलांनाही बसवा, आणि जातीवरून सोयरीक मोडली असेल तर मद्यपानाविषयी जितक्या स्पष्टपणे बोलता तितक्याच स्पष्टपणे त्याविषयी बोला. आंतरजातीय ख्रिस्ती विवाहाला पाळकाने आणि पंचांनी पुढच्या रांगेत बसून आशीर्वाद द्यावा. पंचांच्या निवडणुकीत जातीचे पॅनेल उभे राहिले तर ती निवडणूक पाळकाने थांबवावी. मंडळीच्या जमिनी आणि शाळा यांवरून भावाने भावाला कोर्टात खेचलेले दावे मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी मंडळीपुढे आणावेत, आणि हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावेत. तरुणांसाठी असा वर्ग सुरू करा, जिथे कुठलाही प्रश्न विचारता येईल: दुःख का आहे, बायबल विश्वसनीय कसे, इतर धर्मांविषयी काय म्हणायचे, आपले आजोबा ख्रिस्ती का झाले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना लाजू नका. दुष्काळात अन्न मिळाले, शाळेत प्रवेश मिळाला, माणूस म्हणून वागवले गेले, हे खरे असेल तर अभिमानाने सांगा. भुकेल्याला जेवू घालणाऱ्या प्रभूकडे भुकेला गेला, यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांनी त्याला उपाशी ठेवले होते, लाज त्यांची.

हे सारे एका वर्षात होणार नाही, आणि हे करताना काही माणसे रागावून दुसऱ्या मंडळीत जातील. जाऊ द्या. सैतानाला विरोध करा म्हणजे तो पळेल, असे याकोब लिहितो. पण त्याआधी देवाच्या अधीन व्हा, अशी त्याची अट आहे. अधीन होण्याची सुरुवात आपल्यापासून, व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्यांपासून आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपासून व्हावी. पेत्राला सर्वांसमोर पौलाने चूक दाखवली. तरीही त्याच्या नावे लिहिलेल्या पत्रात पौलाचा उल्लेख 'प्रिय बंधू' असा आहे. मंडळीतल्या वडिलांकडून याहून मोठ्या नम्रतेची अपेक्षा नाही, आणि याहून कमीही नाही.

आमच्या मुलांना उत्तर द्यायला शिकवा, हे आम्ही आपल्याकडे मागतो. ते उत्तर खरे ठरेल अशी मंडळी त्यांच्या हाती देणे हे आपणा सर्वांचे काम आहे, आणि ते येत्या प्रभुभोजनाच्या रविवारपासून सुरू झाले पाहिजे.

प्रभूच्या सेवेत आपला,
मंडळीतील एक सभासद